जबड्यातील रक्तवाहिनी-विकृती व तिचे उपचार

जबड्याच्या हाडात जन्मतः चुकीच्या जुळणीने तयार झालेला धमन्या, शिरा वा केशवाहिन्यांचा गुंता. विरळ आढळतो, वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात अधिक.

नावाचा घोळ जुना आहे. पूर्वी अशा सर्वच गाठींना ‘हेमँजिओमा’ म्हणत. १९८२ मध्ये मलिकन व ग्लोवॅकी या संशोधकांनी पेशींच्या वर्तनावरून दोन गट पाडले : अर्भकात झपाट्याने वाढून पुढे आपोआप ओसरणारा हेमँजिओमा, आणि मुलाबरोबर वाढणारी, कधीच न ओसरणारी विकृती. तरीही अहवालांत ‘हाडाचा हेमँजिओमा’ अजून भेटतो. त्यांतील बऱ्याच बहुधा शिराविकृती असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वाद शब्दांपुरता नाही. अर्भकाच्या हेमँजिओमावर प्रोप्रानोलॉल हे औषध लागू पडते, विकृतीवर नाही.

मंद प्रवाहाच्या शिराविकृतीत गुंता सुकवणारे औषध टोचतात. जिवावर बेतते ती वेगवान प्रवाहाची धमनी-शिरा विकृती; तिच्यात धमनीतले रक्त थेट शिरेत जाते. हिरडीतून वारंवार रक्त येते, दात हलतो. बोटाने दाबला तर आत जातो, सोडताच वर उसळतो. एक्स-रेत हाड कधी मधाच्या पोळ्यासारखे, कधी निर्दोष दिसते. म्हणून संशय येताच, दात काढण्याआधी सुई घालून पाहतात; लालभडक रक्त जोराने सिरिंजमध्ये चढले, तर दात काढण्याचा चिमटा बाजूला ठेवावा.

‘दात हलतो, रक्त येतं’ ही खानदेशातही दातांच्या दवाखान्यातली रोजची तक्रार, आणि चूक तिथेच होते : संशय न घेता दात काढला जातो. दात निघून रक्ताची धार लागली, तर तोच दात खळगीत परत बसवून, वर गॉजची घडी ठेवून अंगठ्याने दाबून धरावे. श्वासमार्ग मोकळा ठेवावा. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातून घाट उतरून नंदुरबार वा धुळे गाठेपर्यंत तो अंगठा हलता कामा नये.

मोठ्या केंद्रात कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) गुंत्याचे केंद्र बुजवतात (एम्बोलायझेशन); गरज असल्यास साधारण २४ ते ७२ तासांत शस्त्रक्रिया करतात. बाह्य ग्रीवाधमनी (मानेतून चेहऱ्याला रक्त पुरवणारी धमनी) बांधण्याची जुनी रीत आता टाळतात : आडवाटांनी रक्त पुन्हा पोचते आणि कॅथेटरची वाट मात्र कायमची बंद होते. पौगंडावस्थेत व गर्भारपणात विकृती पुन्हा उचल खाऊ शकते, त्यामुळे तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवतात.