शिकाऊ परिचारिका-प्रसविकेच्या सेवेस संमती (बेळगाव सीमाभाग)

गर्भवती, कळा देणारी किंवा बाळंतीण स्त्री शिकत असलेल्या नर्सकडून तपासणी, प्रसूती वा नंतरची देखभाल करून घेण्यास जो होकार किंवा नकार देते, त्याविषयीची ही नोंद आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत अशा विद्यार्थिनीला ‘शिकणारी सिस्टर’ किंवा ‘ट्रेनी’ म्हणतात. होकार तीन गोष्टींना वेगवेगळा लागतो : खोलीत हजर राहणे, अंगाला हात लावणे आणि एखादे काम स्वतः करणे. दाखल होतानाच्या एका सहीत तिन्ही गुंडाळली जातात आणि पुढचे बहुतेक खटके तिथूनच उडतात.

कोण शिकते आणि किती

बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे आणि जिल्हा रुग्णालयाला जोडलेली बिम्स ही सरकारी वैद्यकीय शिक्षणसंस्था २००५ पासूनची. शहरात नर्सिंग कॉलेजेही आहेत, त्यामुळे प्रसूतिकक्षात विद्यार्थी दिसणे नेहमीचे. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. तीन वर्षांच्या जीएनएमला (सामान्य परिचर्या व प्रसविका) आणि चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला मुलगेही असतात. ‘ट्रेनी’ एवढ्याच शब्दावरून बाईला यातले काहीच कळत नाही. कोर्स, वर्ष आणि हे काम आधी केले आहे की नाही, हे तिला सांगावे लागते.

विद्यार्थ्यांनाही आकड्यांचे ओझे असते. बीएस्सीच्या जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येकाने ३० गर्भवतींची तपासणी, २० नैसर्गिक प्रसूती, ५ योनीमार्गे तपासण्या आणि ५ वेळा योनीमुखाशी छेद देऊन टाके घालणे, अशा नोंदी लॉगबुकात भरायच्या असत. युरोपीय संघाच्या नियमात सुईणीच्या शिक्षणासाठी १०० गर्भवती तपासण्या आणि ४० प्रसूती आहेत. प्रसूती मात्र सगळीकडे सारख्या मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. साहजिकच नैसर्गिक प्रसूती शिकण्यासाठी विद्यार्थ्यांचा ओढा सरकारी प्रसूतिकक्षाकडे असतो, आणि गर्दीही तिथेच होते. लॉगबुक भरायचे राहिले हा कॉलेजचा प्रश्न आहे; टेबलावरच्या बाईपुढे तो मांडणे म्हणजे आडून दबाव टाकणे.

कायद्याची बाजू

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात स्पष्ट केले की एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, आणि सज्ञान, भानावर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी आईने दिलेली परवानगी चालत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय काढले होते. सीमाभागात फॉर्मवर नवऱ्याची सही घेतात आणि तोंडी विचारणा सासूला करतात. सही घरच्यांची असली तरी होकार बाईचाच लागतो. शिकवणीचा होकार आणि संशोधनाचा होकारही वेगळे. बेळगाव जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा मोठा अभ्यास झाला (१,६२० स्त्रिया, ६०० मायक्रोग्रॅम, प्रसिद्धी २००६), आणि गोळ्या देण्याचे काम एएनएमनीच केले होते. अशा अभ्यासात नाव घातलेल्या बाईने विद्यार्थ्यांनाही हो म्हटले, असे धरता येत नाही.

विचारण्याची रीत

विचारायचे ते जबाबदार सिस्टरने किंवा डॉक्टरने, विद्यार्थिनी खाटेजवळ येण्यापूर्वी. हातमोजे घालून उभ्या असलेल्या पोरीच्या तोंडावर नको म्हणणे बाईला जड जाते. योग्य वेळ गरोदरपणाच्या तपासणीची. ती हुकली तर दाखल झाल्यावर, कळा पाच मिनिटांच्या अंतराने असताना. जोर धरलेल्या अवस्थेत दहा मिनिटांत तीन ते पाच कळा येतात आणि एकेक चाळीस सेकंद ते मिनिटभर टिकते. त्या वेळचा ‘हं’ हा कण्हणे असतो, होकार नव्हे. ‘बघा की’, ‘तुमच्या मनाला येईल तसं करा’ ही उत्तरेही होकारात धरू नयेत, पुन्हा विचारावे. विचारणा साधारण अशी असते : “अक्का, ही सिस्टर तिसऱ्या वर्षाला शिकतीय. तुमचा बीपी आणि बाळाचे ठोके ती बघेल, मी इथंच हाय. नको असलं तर मीच बघते, तुमच्या उपचारात काय फरक पडणार नाही.” शेवटचे वाक्य गाळले तर बाकीचे फुकट. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून आलेल्या बाईला ‘आपण दुसऱ्या राज्यातले, नको म्हटलं तर परत धाडतील’ अशी धास्ती असते; सरकारी दवाखान्यातली मोफत प्रसूती, औषधे आणि जेवण विद्यार्थ्याला होकार देण्यावर अवलंबून नाही, हे तिला उघड सांगावे.

भाषेचा पेच इथला खास आहे. फॉर्म कन्नडमध्ये, तायी कार्ड (गरोदर बाईचे नोंदपत्रक) कन्नडमध्ये, विद्यार्थिनी विजापूरची किंवा केरळची, आणि बाई खानापूरच्या जंगलपट्ट्यातली, मराठीशिवाय दुसरे न बोलणारी. पाच वर्षे गावात असलेली सफाई कामगार किंवा शेजारच्या खाटेवरची बाई दुभाषी होते. तिच्याकडून ‘चालतंय म्हणे’ एवढेच परत येते. दुभाषी मराठी जाणणारी नर्स असावी, आणि बाईने समजलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे. संमतीचा कागद आशाताईने घरीच वाचून दाखवला असेल तर काम निम्मे होते.

आतून तपासणी

नकार सर्वांत जास्त इथेच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार जोमाच्या कळांच्या टप्प्यात आतून तपासणी चार तासांनी एकदा पुरे. शिकवण्यासाठी एका बाईला अनेकांनी तपासणे टाळावे, कारण दरवेळी वेदना आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. प्रत्यक्षात विद्यार्थिनी तपासते, गर्भाशयाचे तोंड ‘चार सेंटिमीटर’ उघडले म्हणते, मग खात्रीसाठी सिस्टर पुन्हा तपासते. या दोन तपासण्या झाल्या, म्हणून आधीच ‘दोनदा तपासणी होईल, चालेल का’ असे विचारावे. एका वेळी एकच विद्यार्थिनी, पडदा ओढलेला, आणि ‘थांबा’ म्हणताच बोटे बाहेर. पुरुष विद्यार्थी असल्यास ते वेगळे सांगावे. त्याच्या तपासणीच्या वेळी बाईजवळ दुसरी स्त्री हवी. पुरुषाला नकार हा साऱ्या विद्यार्थ्यांना नकार समजू नये. तीच बाई बहुतेक वेळा मुलीला बीपी आणि पोटावरून बाळाची तपासणी करू देते.

बाळ बाहेर येताना

बाळ झेलण्याला होकार असेल तर सिस्टरचे हात विद्यार्थिनीच्या हातांलगत असतात. ठोके मिनिटाला ११० च्या खाली किंवा १६० च्या वर स्थिरावले, बाळाभोवतीच्या पाण्यात त्याची शी दिसली, खांदा अडकला, किंवा रक्त ५०० मिलिलिटरच्या पुढे गेले, की विद्यार्थिनी बाजूला होते. हेही आधी सांगितलेले बरे, नाहीतर अचानक हात बदलल्यावर ‘पोरीनं काहीतरी बिघडवलं’ असा समज घरात कायमचा बसतो. जन्मानंतर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिट दंडात किंवा मांडीत देणे, नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधणे, ही कामे विद्यार्थिनी सहज शिकते आणि बायका क्वचितच अडवतात. टाक्यांची गोष्ट निराळी. भूल देऊन दोन-तीन मिनिटे न थांबता सुई लावली, की बाई किंचाळते आणि तो वॉर्डभर विद्यार्थ्यांविरुद्ध प्रचार होतो. नवख्या हाताला वेळही जास्त लागतो. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली फाट विद्यार्थ्याकडे द्यायचीच नाही, होकार असला तरी.

सोबतीला एक नातेवाईक स्त्री असू शकते. केंद्र सरकारने २०१६ पासून याला मुभा दिली आहे. तिचा आधार होतो, पण बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही तीच देऊन टाकते. प्रश्न बाईच्या डोळ्यांत बघून विचारला की सासूबाई सहसा थांबतात.

नोंद आणि पाळीबदल

‘विद्यार्थी नको’ एवढे लिहून भागत नाही. ‘आतून तपासणी नको, बीपी, ठोके चालतील, पुरुष नको’ असे केस पेपरवर लिहिले, तर दोन वाजता येणाऱ्या पाळीला बाईला पुन्हा छेडावे लागत नाही. सकाळच्या विद्यार्थिनीला दिलेला होकार संध्याकाळच्या तुकडीला लागू नसतो. नकार देणाऱ्या बाईला ‘कटकटी’ म्हणण्याची सवय काही वॉर्डांत आहे. तिचे ठोके उशिरा पाहिले जातात आणि मग शेजारच्या खाटेवरची भिऊन हो म्हणते.

घरी

घरभेटीत आशाताई दवाखान्यात प्रसूत झालेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, आणि गावात पोस्टिंग असलेल्या विद्यार्थिनी तिच्यासोबत चार-चार निघतात. दारात आजी ‘या, बसा’ म्हणते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, दूध पाजणे चालू असते, बाई उघडी असते. आशाताईने आधी एकटीने आत जाऊन विचारावे. आत जाणारी विद्यार्थिनी एकच असावी. ती रक्तस्राव, टाके आणि स्तन पाहते, बाकीच्या ओसरीवर बाळाचे वजन घेतात, तेही आईने चालेल म्हटल्यावर.