मिठाच्या पेटीसारखं घर

अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये, इंग्रज वसाहतींच्या काळातली काही लाकडी घरं अजून उभी आहेत. समोरून साधी दुमजली दिसतात. बाजूला जाऊन पाहिलं की गंमत कळते: पुढचं पाखं आखूड, तर मागचं आढ्यापासून थेट तळमजल्याच्या उंचीपर्यंत उतरलेलं. चुलीजवळ भिंतीला टांगायची, तिरप्या झाकणाची मिठाची लाकडी पेटी अशीच दिसे. त्यावरून या घरांना 'सॉल्टबॉक्स' नाव पडलं.

कोकणातल्या माणसाला हा आकार समजावून सांगावा लागणार नाही. आपण घराला पडवी काढतो, तसंच हे. मूळ घरात खाली दोन खोल्या, वर दोन, मधोमध विटांचं भलंमोठं धुराडं. जागा पुरेना की मागे एक पडवी जोडायची आणि छप्पर तिच्यावर ओढून घ्यायचं. तिथे स्वयंपाकघर येई. थंड टोकाला कोठीची खोली, उबेच्या बाजूला बाळंतिणीची आणि आजाऱ्याची. पडवी मागाहून जोडली असेल तर पुष्कळदा छपराचा उतार मध्येच मोडलेला दिसतो. काही घरांत माळ्यावर चढलं की जुन्या मागच्या भिंतीच्या, उन्हापावसाने करड्या पडलेल्या फळ्या आतच सापडतात. एके काळी त्या बाहेर होत्या! घराने स्वतःच जपलेला इतका बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही. पुढे लोक पहिल्यापासूनच असं घर बांधू लागले. तिथे वासे सलग असतात.

अशा घराचं तोंड शक्यतो दक्षिणेला ठेवत. बोस्टन 42 अंश उत्तरेला आहे. तिथे 21 डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम 24 अंश वर असतो. पुण्यात तो 48 अंशांवर असतो. ते तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून खोलवर येतं. उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यापुढे मात्र उंच भिंत नसते, उतरतं पाखं असतं. वारा त्यावरून वर सरकून जातो. त्यावर साचलेल्या भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो गोधडीसारखा ऊब धरतो.

इंग्लंडच्या राणी ॲनच्या काळात दुमजली घरांवरचा कर चुकवायला ही युक्ती निघाली, असं सांगतात. पण ॲन गादीवर आली 1702 मध्ये, आणि अशी घरं त्याआधीच उभी होती.

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात अशी दोन घरं शेजारी-शेजारी आहेत. एकात 1735 साली जॉन ॲडम्स जन्मले, दुसऱ्यात 1767 साली त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी. बाप-लेक दोघेही पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ती घरं पाहायला गेलात, तर आधी मागच्या बाजूला जा.