कॉलेजचं नेट आणि ‘परवानगी’: लॅबच्या रजिस्टरपासून आयटी पॉलिसीपर्यंत

लॅबच्या दाराशी लटकवलेला नियमांचा बोर्ड आणि हल्ली कॉलेजच्या वेबसाईटवर टाकलेली पंधरा-वीस पानांची आयटी पॉलिसी ही एकाच घराण्यातली असं बरेचजण धरून चालतात. मला तसं वाटत नाही. बोर्ड आला टंचाईतून, पॉलिसी आली पोलिसांच्या आणि पीअर टीमच्या (कॉलेजला ग्रेड द्यायला येणाऱ्या समितीच्या) धास्तीतून, आणि मध्ये कधीतरी कोणीतरी दोघांची मोट बांधली. म्हणून तर एकाच कागदावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ आणि ‘तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते’ अशी वाक्यं शेजारीशेजारी बसलेली दिसतात.

फार मागचं थोडक्यात सांगतो. ‘ॲक्सेप्टेबल यूज’ (नेटवर्कचा कुठला वापर चालेल) हा शब्द आला अमेरिकेतल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या नेटवर्कांतून. तिकडच्या एका नावाजलेल्या लॅबनं १९८२ मध्ये नवख्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत, या नेटवर्कवरून धंद्यासाठी किंवा राजकारणासाठी मेल पाठवणं बेकायदा आहे असं सरळ लिहिलं होतं. म्हणजे मुद्दा संस्कारांचा नव्हताच, करदात्यांच्या पैशाच्या तारेवर दुकान मांडायचं नाही एवढाच होता. मग २ नोव्हेंबर १९८८ ला एका ग्रॅज्युएट विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म (एका मशिनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) बोकाळला, तेव्हाच्या अंदाजानुसार ६०,००० पैकी ६,००० मशिन त्यात अडकली, आणि कोर्टात त्याच्या बाजूनं मांडलं गेलं ते असं की त्याला काही मशिनवर अधिकृत प्रवेश होता, त्यानं फक्त मर्यादा ओलांडली. ते काही टिकलं नाही. तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. पण ‘परवानगी होती की नव्हती’ हा घोळ तेव्हापासून जो सुरू झालाय तो आपल्या लॅबपर्यंत आलाय, त्याबद्दल पुढे.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं सरकारी नेटवर्क, सुरू झालं तेव्हा त्यात मोजक्या संस्था होत्या, त्यातल्या दोन मुंबईत. सर्वसामान्यांसाठी नेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तिकडचं सरकारी पैशाचं मुख्य नेटवर्क बंद होऊन सगळं खाजगी कंपन्यांकडे गेलं ते ३० एप्रिल १९९५ ला. म्हणजे ज्या कारणासाठी ‘धंदा करू नका’ हा नियम होता ते कारण तिकडे संपलं आणि साडेतीन महिन्यांनी इकडे नेट आलं, मात्र नियमाची भाषा तशीच्या तशी उचलली गेली. आजही कितीतरी पॉलिसींत ‘केवळ शैक्षणिक व संशोधनात्मक कामासाठी’ हे शब्द असतात आणि त्याच कॉलेजचा प्लेसमेंट सेल पोरांना जॉब पोर्टलवर रजिस्टर करायला लावतो.

आता मला नीट माहीत असलेला काळ, म्हणजे साधारण १९९८ ते २००८. तेव्हा लॅब म्हणजे देवघर होतं. एसी फक्त तिथेच, त्यामुळे धूळ नको म्हणून चपला बाहेर. फ्लॉपी आणायची नाही कारण व्हायरस. बाहेर एक रजिस्टर, त्यात नाव, रोल नंबर, मशिन नंबर, येण्याची-जाण्याची वेळ आणि सही, आणि रजिस्टरला दोऱ्यानं बांधलेलं पेन, जे दर पंधरवड्याला गायब व्हायचं. नेट डायल-अप. एक फोनलाईन, एक मोडेम, त्यावर प्रॉक्सी (एकच लाईन अनेकांना वाटणारं सॉफ्टवेअर) टाकून तीस मशिनना वाटप, मग एखाद्यानं गाणं डाऊनलोडला लावलं की बाकी एकोणतीस जण पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसणार. त्यामुळे ‘चॅटिंग करू नये, गाणी डाऊनलोड करू नयेत’ हा नियम पोरांनाही पटायचा, कारण नुकसान शेजारच्याचंच व्हायचं. याला मी खरा ‘जबाबदार वापर’ म्हणतो. कोणी शिकवला नव्हता, टंचाईनं शिकवला. (लॅब असिस्टंटशी चांगले संबंध असले की लंच अवरमध्ये मशिन मिळायचं हेही खरंच, वशिला कुठे नसतो.)

होस्टेलात गंमत वेगळी होती. तिथलं लॅन, म्हणजे खोल्याखोल्यांतली मशिन जोडणारं आतलं नेटवर्क, बऱ्याच ठिकाणी पोरांनीच वर्गणी काढून उभं केलेलं, स्विच आणायचा आणि केबल खिडकीतून खिडकीत टाकायची. बाहेरचं नेट मुंगीच्या पावलानं चालायचं पण आतलं लॅन १०० एमबीपीएस, त्यामुळे कोणा एकानं काहीही आणलं की रात्रीत अख्ख्या ब्लॉकमध्ये पसरायचं. डीसी++ या फाईल वाटायच्या प्रोग्रॅमचा हब असायचा आणि हबमध्ये शिरायचं तर स्वतःच्या हार्डडिस्कवरचं ठरावीक जीबी शेअर करायलाच लागायचं. कॉपीराईटच्या नजरेतून हा सगळा चोरबाजार, मान्य. पण लेक्चरच्या नोट्स, जुने पेपर, सॉफ्टवेअर, सगळं तिथेच मिळायचं आणि लायब्ररीत मिळायचं नाही.

याच पार्श्वभूमीवर मार्च २००७ मध्ये पवईच्या आयआयटीनं होस्टेलच्या खोल्यांतलं इंटरनेट रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० बंद करायचं ठरवलं. वेळ जरा नीट वाचा. नुसती रात्र नाही, सकाळची लेक्चर संपेपर्यंत, २४ पैकी साडेतेरा तास बंद. कारणं दिली ती अशी की पोरं रात्रभर गेम आणि सर्फिंग करतात, सकाळी लेक्चरला येत नाहीत, आली तर पेंगतात, खोलीत कोंडून घेतात, शेजारच्या खोलीत कोण राहतं हेही कोणाला माहीत नसतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या काळात होस्टेलात राहिलेल्या कोणालाही विचारा, पहाटे चारला काउंटर-स्ट्राईकचे आवाज आणि नऊच्या लेक्चरला अर्धा बाक रिकामा हे चित्र एकट्या पवईचं नव्हतं. पोरांचं म्हणणं होतं की आमचा अभ्यास रात्रीच होतो आणि आम्ही काही शाळेत नाही. तेही खोटं नव्हतं.

माझा आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो तेव्हाच्या चर्चेत मला तरी फारसा दिसला नाही. तोपर्यंत नेटवर्कचा नियम हा नेटवर्कसाठी असायचा. लाईन तुंबते म्हणून डाऊनलोड नको, व्हायरस येतो म्हणून फ्लॉपी नको. इथे एका मोठ्या संस्थेनं उघडपणे स्विचचं बटण हजेरी आणि झोप सुधारण्यासाठी वापरलं. ज्याला रेक्टरनं समजावायचं, ज्याला काउन्सेलरकडे पाठवायचं, ज्याच्यासाठी लेक्चर थोडं बरं करायचं, ते सगळं सर्व्हर रूममधल्या माणसाच्या गळ्यात. आणि मोठ्यांनी केलं म्हटल्यावर छोट्यांना काय, पुढे राज्यात कितीतरी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या होस्टेलात रात्री ११ नंतर वायफाय बंद हा नियम दिसायला लागला, तोही कुठलीही चर्चा न होता, नुसत्या नोटिशीवर. ‘विद्यार्थ्यांच्या हितासाठी’ हे शब्द त्या नोटिशीत हमखास असायचे.

आणि यात मुलींचं काय झालं ते तर कोणी मोजतच नाही. ‘खोलीत नेट नसलं तरी डिपार्टमेंटची लॅब उघडी आहे’ असं उत्तर दिलं जायचं. मुलींच्या होस्टेलचं गेट रात्री आठ-साडेआठला बंद होत असेल तर ती लॅब उघडी कोणासाठी? नियम सगळ्यांना सारखा होता, पण गेट सारखं नव्हतं.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली, तिचा कॉलेजांशी थेट संबंध नाही पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर आल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ अखेर बंगळुरूच्या एका आयटीवाल्याला उचललं. सर्व्हिस प्रोव्हायडरनं दिलेली आयपीची (नेटला जोडलेल्या कनेक्शनच्या क्रमांकाची) माहितीच चुकीची निघाली. तोपर्यंत तो माणूस ५० दिवस तुरुंगात. आता विचार करा, आयपी पत्ता म्हणजे माणूस असं धरलं तर कॉलेजचं काय? अख्खं कॉलेज, हजार-दोन हजार पोरं, एकाच पब्लिक आयपीमागे बसलेली. उद्या पोलीस आले तर प्राचार्य दाखवणार काय, दोऱ्याला बांधलेल्या पेनानं लिहिलेलं रजिस्टर? माझ्या मते प्रत्येकाला वेगळं लॉगिन, वेगळा पासवर्ड आणि फायरवॉलचं (नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेचं) ते लॉगिन पेज यायला खरा जोर या भीतीनं दिला, बँडविड्थचा हिशोब हे वरवरचं कारण. २००९ नंतर केंद्राच्या योजनेतून कॉलेजांना ब्रॉडबँड मिळायला लागलं, लाईन वाढल्या, त्यामुळे वाटपाचा प्रश्न खरं तर कमी होत होता आणि नियम मात्र वाढत होते.

मग २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी केंद्राचे नियम आले. ओळखपत्र पाहा, नोंद एक वर्ष ठेवा, क्युबिकलचं पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. कॉलेजची लॅब काही सायबर कॅफे नाही, तो नियम जनतेला धंदा म्हणून नेट देणाऱ्यांसाठी होता. पण आमच्या ओळखीच्या एका कॉलेजनं त्याच वर्षी लॅबमधली पार्टिशन कापून बुटकी केली, विचारलं तर ‘सरकारचा नियम आहे’.

आता तो ‘परवानगी’चा घोळ. २००० चा आयटी कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ४३ मध्ये, कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय काय काय करायचं नाही त्याची यादी आहे, त्यात आत शिरणं, डेटा कॉपी करणं, व्हायरस सोडणं सगळं येतं. इथे हेतू बघितला जात नाही, भरपाईचा मामला. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या इराद्यानं केलं तर कलम ६६, आणि तिथे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. ही रचना २००८ च्या दुरुस्तीनं आली, २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, आधीच्या कलम ६६ मधला ‘हॅकिंग’ शब्द तेव्हा वगळला गेला. सांगायचा मुद्दा हा की परवानगी म्हणजे काय ते कायदा सांगत नाही, मालक सांगतो, आणि इथे मालक म्हणजे कॉलेज. म्हणजे एचओडींनी (विभागप्रमुखांनी) घाईत टाईप करून घेतलेलं ते नियमांचं पान कायद्याच्या वाक्यातली रिकामी जागा भरतं. त्यात ‘विनापरवानगी पेनड्राईव्ह लावू नये’ असेल तर जर्नलचं प्रिंट काढायला पेनड्राईव्ह लावून फाईल उचलणारी पोरगी शब्दशः वाचलं तर कलम ४३ च्या उंबऱ्यावर उभी. कोणी तिला कोर्टात नेणार नाही, मलाही माहीत आहे. पण डिसिप्लिनरी कमिटीसमोर पालकांना घाबरवायला कलमांचे आकडे फार उपयोगी पडतात. मित्राचा पासवर्ड वापरला की लगेच ६६सी (दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरण्याचं कलम) दाखवतात, तिथेही ‘फसवणुकीनं किंवा अप्रामाणिकपणे’ हे शब्द आहेत ते कोणी वाचून दाखवत नाही.

ऑनलाईन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणाऱ्या कलम ६६ए ची कथा आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्ट आणि लाईकवरून अटक झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तरी ते वापरलं जातंय हे २०२१ मध्ये त्याच न्यायालयासमोर आलं. मी पाहिलेल्या काही कॉलेज पॉलिसींत ते त्यानंतरही दिमाखात होतं, कारण उघड आहे, दुसऱ्या कॉलेजची फाईल घेतली, वरचं नाव आणि लोगो बदलला, ग्रेड द्यायला टीम यायच्या आधी अपलोड केली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि या सगळ्या इमारतीचा पायाच हलला. पोराच्या खिशात कॉलेजपेक्षा वेगवान नेट. आता वायफाय बंद करून काय बंद होणार? मग नियम नेटवर्कवरून सरकून थेट हातातल्या फोनवर आला. कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलात संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करायचा नियम झाला, एका विद्यार्थिनीनं नकार दिला, तिला होस्टेलमधून काढलं, ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ हायकोर्टानं सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे आणि तिला परत घ्या. सहा महिन्यांनी लॉकडाऊन लागला आणि जी कॉलेजं फोन जमा करत होती तीच लेक्चरची लिंक फोनवर पाठवायला लागली. कॅमेरा चालू ठेवा, नाहीतर ॲबसेंट.

त्यानंतरचं अजून ताजं आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राचे आदेश आले, सायबर घटना ६ तासांत कळवा, लॉग (सिस्टीमच्या नोंदी) १८० दिवस ठेवा. कॉलेज त्यात नक्की कुठल्या शब्दाखाली येतं यावर वाद घालता येतो, पण सिस्टीम ॲडमिन वाद घालत नाही, तो लॉग ठेवतो. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, त्यात सूर उलटा, कशासाठी ठेवताय ते सांगा, काम झालं की पुसा. आता कुठली पोरगी रात्री दोनला कुठल्या साईटवर होती हे फायरवॉलच्या रिपोर्टमध्ये दिसतं आणि तो रिपोर्ट बघायचा अधिकार रेक्टरला आहे का, एचओडीला आहे का, हे मी वाचलेल्या बहुतेक पॉलिसींत लिहिलेलंच नाही. विद्यार्थ्यांनी काय करू नये याची कलमं पंचवीस, बघणाऱ्यांसाठी एक ओळ.

आणि नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटी. बऱ्याच पॉलिसींच्या शेवटी घाईनं एक परिच्छेद चिकटवला गेलाय, सबमिशनमध्ये एआयचा विनापरवानगी वापर करू नये. परत तोच शब्द. परवानगी कोणाची, तर डेटाबेसच्या मॅडमची वेगळी, नेटवर्क शिकवणाऱ्या सरांची वेगळी, आणि प्रोजेक्ट गाईड म्हणतात तुमचं तुम्ही बघा.