पिल्लं निघायच्या आधी वाचा: माशांच्या पिल्लांचं पहिलं जिवंत खाणं

आमच्या दुकानात सगळ्यात घाईत कोण येतं, तर ज्याच्या फायटर माशाने तीन-चार दिवसांपूर्वी अंडी दिलीत तो. मे महिन्याच्या दुपारी अडीच वाजता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून येतो आणि दारातूनच विचारतो, "भाऊ, पिल्लं पोहायला लागली, आता काय टाकू?" खरं सांगायचं तर हा प्रश्न आठ दिवस आधी विचारायचा असतो. इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, मायक्रोवर्मला (बारीक कृमी) जवळपास तेवढेच, व्हिनेगर ईलला (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक कृमी) महिनाभर. पिल्लाच्या पोटातली शिदोरी मात्र दोन-तीन दिवसांत संपते. म्हणून हे पत्रक जोडी लावायच्या आधी वाचा. आधी खाणं लावा, मग जोडी.

कधी द्यायचं

अंड्यातून निघालेलं पिल्लू लगेच खात नाही. त्याच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत ते पानाला, काचेला किंवा बुडबुड्यांच्या घरट्याला लटकून राहतं. फायटरची अंडी 24 ते 48 तासांत फुटतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागतात. एंजलच्या पिल्लांना पोहायला साधारण पाच दिवस लागतात. पिल्लू आडवं पोहायला लागलं की खाणं सुरू करायचं. त्याआधी टाकलेलं सगळं तळाशी कुजतं.

कोणाला काय

सगळा हिशेब तोंडाच्या मापाचा आहे. इन्फुसोरियातले पॅरामिशियम पाव मिलिमीटरच्या आसपास. मायक्रोवर्म लांबीला एक ते दोन मिलिमीटर, पण जाडीला मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणून शेवईसारखा ओढून घेता येतो. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, त्याचं ताजं पिल्लू 0.4 ते 0.5 मिलिमीटर.

गुरामीची पिल्लं फारच बारीक, त्यांना पहिला आठवडा इन्फुसोरियाच लागतं. फायटरला इन्फुसोरिया किंवा व्हिनेगर ईलने सुरुवात करा, तीन-चार दिवसांत आर्टेमियावर आणा. एंजल आणि गोल्डफिशची पिल्लं पोहायला लागल्यापासूनच आर्टेमिया घेतात. गप्पी, मॉली ही पिल्लंच घालतात आणि ती पिल्लं चांगली मोठी असतात. त्यांना बोटांत चुरलेलं कोरडं खाणंही चालतं. गप्पीसाठी इन्फुसोरिया मागितलं तर आम्ही देत नाही, उगाच तुमचे पैसे कशाला घालवायचे? डिस्कसची गोष्ट आणखी निराळी: त्यांची पिल्लं पहिले दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खातात. त्यांना लवकर वेगळं केलंत तर आमच्याकडच्या कुठल्याच बाटलीचा उपयोग नाही.

उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून देतात, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आम्हीही सुरुवातीला दिला होता. रात्री चिमूटभर जास्त पडला, सकाळी टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं आणि गुरामीची सगळी पिल्लं तळाशी. जिवंत खाण्याचा मोठा फायदा हाच की पिल्लाने ते लगेच नाही खाल्लं तरी ते काही तास जिवंत राहतं, सडत नाही.

इन्फुसोरिया

काचेची लिटरभराची बरणी घ्या. तिच्यात औषध न टाकलेल्या जुन्या टाकीचं पाणी भरा. नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यातलं क्लोरीन हे जीव मारतं. कोबीचं एक पान उकळत्या पाण्यातून काढून किंवा केळीच्या वाळलेल्या सालीचा बोटभर तुकडा आत टाका. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं. ते बॅक्टेरिया असतात. इथे घाबरून बरणी ओतून देणारे खूप. आणखी दोन दिवस थांबा. पॅरामिशियम बॅक्टेरिया खातात आणि पाणी पुन्हा निवळतं. रात्री मागून टॉर्च मारा. उन्हाच्या कवडशात धूळ तरंगते तसे पांढरे ठिपके दिसतील, पण हे ठिपके आपल्या मर्जीने वळतात. वळले की खाणं तयार. मातीसारखा वास चालेल, नालीसारखा आला तर फेकून द्या. दिवसातून तीन वेळा, तीन-चार ड्रॉपर. दोन दिवसांच्या अंतराने दुसरी बरणी लावली म्हणजे मध्ये खंड पडत नाही.

मायक्रोवर्म आणि व्हिनेगर ईल

मायक्रोवर्मला आम्ही 'विरजण' म्हणतो, कारण काम तसंच आहे. ओट्स किंवा कणीक पाण्यात शिजवून घट्ट पिठल्याइतपत करा, गार होऊ द्या, मिठाईच्या प्लॅस्टिक डब्यात बोटभर थर पसरा, वर चिमूटभर यीस्ट आणि आमच्याकडचं चमचाभर विरजण. झाकणाला भोकं पाडून आतून कापड लावा, नाहीतर चिलटं होतात. तीन ते पाच दिवसांत थर वरून सळसळतो आणि कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. तिथून बोटाने पुसून टाकीत बोट बुचकळा. मायक्रोवर्म तळाशी बसतात, म्हणून पिल्लांच्या टाकीत रेती-गोटे नकोत, तळ उघडा हवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा डबा लवकर आंबतो. नवतप्यात तर आठवडाही टिकत नाही. डबा माठाच्या तिवईखाली, ओलाव्याच्या गारव्यात ठेवा आणि दर आठ-दहा दिवसांनी नवा लावा.

व्हिनेगर ईल संथ, पण चिवट. सफरचंदाचा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यात सफरचंदाची एक फोड आणि ईलचं विरजण. एकदा जम बसला की काही महिने लक्षही द्यावं लागत नाही. काढताना लांब मानेच्या बाटलीत हे पाणी भरा, मानेत कापसाचा बोळा घाला आणि बोळ्यावर साधं पाणी ओता. हवेसाठी ईल रात्रीतून बोळा ओलांडून वर येतात. सकाळी ड्रॉपरने उचला, आंबट पाणी टाकीत जात नाही. ईल पाण्यात खाली-वर सगळीकडे फिरतात आणि दिवसच्या दिवस जगतात, त्यामुळे वरच्या थरात राहणाऱ्या पिल्लांना मायक्रोवर्मपेक्षा हे बरं.

आर्टेमिया

बाकी सगळं जमलं नाही तरी हे शिका. माशांच्या पिल्लांना आर्टेमिया घालता येतो हे 1930च्या दशकात कळलं आणि आजवर त्याच्या तोडीचं पहिलं खाणं क्वचितच सापडलं आहे. डब्यातली तपकिरी भुकटी म्हणजे सुकलेली अंडी. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून तिचा मोठा पुरवठा होतो. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख अंडी असतात, त्यामुळे चमचा जपून.

कोल्ड्रिंकची बाटली बुडाशी कापून उलटी टांगा. एक लिटर पाणी, 25 ग्रॅम जाडं मीठ (काट्यावर मोजा, अंदाज नको), चिमूटभर खायचा सोडा आणि एक ग्रॅम अंडी. हवेची नळी तळापर्यंत सोडा आणि जोरात चालवा, एकही अंडं तळाशी स्थिर राहता कामा नये. वर दिवा ठेवा, सुरुवातीच्या तासांत अंड्यांना उजेड लागतो. पाणी 26 ते 28 अंश असेल तर 24 तासांत केशरी ढग दिसतो.

आता हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात. बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरा, जिवंत पिल्लं उजेडाकडे झेपावतात. तेवढाच केशरी पट्टा बारीक नळीने ओढून घ्या, तलम मलमलीतून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि द्या. टरफलं पचत नाहीत, पिल्लांची आतडी त्यांनी तुंबतात, म्हणून इथे घाई नको. पहिल्या सहा-आठ तासांतच द्या. नंतर आर्टेमिया आपल्याच पोटातला बलक वापरून टाकतो आणि तुमच्या पिल्लाला हाती नुसतं कवच. गोड्या पाण्यात तो काही तास जगतो, मग मरतो, म्हणून थोडं-थोडं, दिवसातून तीन-चारदा.

पुरेसं झालं का, हे भिंग घेऊन बघा. खाल्लेल्या पिल्लाचं पोट संत्र्याच्या सालीच्या रंगाचं दिसतं. सगळ्यांची पोटं केशरी झाली की थांबा.

आता आपल्या गावचे त्रास. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10-12 अंशांवर येतो, तेव्हा बाटली दिव्याजवळ ठेवली नाही तर दोन दिवस लागतात. मे महिन्यात उलट: खोली 35 अंशांवर गेली की अंडी नीट फुटत नाहीत, म्हणून बाटली कूलरच्या खोलीत ठेवा. पण अंड्यांचा डबा मात्र त्या खोलीत उघडू नका. कूलरची हवा ओली असते, अंडी तो ओलावा ओढून घेतात आणि पुढच्या वेळी निम्मी फुटतात. मग लोक आम्हाला म्हणतात माल जुना दिला. आठवड्यापुरती अंडी छोट्या बाटलीत काढा, बाकीचा डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. लाईन गेली की हवा थांबते आणि आर्टेमिया तळाशी गुदमरतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा एक पंप घरी असू द्या.

मोइना, आणि कूलरचं पाणी

मोइना हा पाण्यातला पिसवेसारखा बारीक जीव. तो साध्या पाण्यात जगतो, हे त्याचं सुख. सावलीत ठेवलेल्या बादलीतलं हिरवं पाणी किंवा थोडं यीस्ट त्याला पुरतं. मोठा मोइना एक मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणून पिल्लं आठ-दहा दिवसांची झाल्यावर द्या. फुटाळा-अंबाझरी तलावांतून जाळीने गाळून आणू नका. त्यासोबत हायड्रा आणि चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लंच खातात.

कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या मोठे मासे आवडीने खातात हे खरं. पण त्यासाठी टाकी भरून ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कूलर दर आठवड्याला रिकामा करून घासून सुकवा.

फायटर आणि गुरामी पाळणाऱ्यांनी टाकीवर झाकण ठेवावं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांची पिल्लं वरची हवा घ्यायला लागतात, तेव्हा थंडीतली गार हवा त्यांना सोसत नाही.

विरजण न्यायला येताना रिकामी, साबण न लावलेली डबी आणा. मोइनाची पिशवी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी न्या आणि गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. पहिलं विरजण मेलं तर एकदा फुकट देतो. डबा मात्र सोबत घेऊन या, वास घेतल्याशिवाय काय चुकलं ते सांगता येत नाही.