जुन्या गाडीचा व्हॉल्व्ह काढू नका

पहिल्या मारुती 800 ची चावी 14 डिसेंबर 1983 ला मालकाच्या हाती पडली आणि 2014 च्या जानेवारीत या गाडीचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी 800 सुद्धा आता दहा वर्षांपलीकडची आहे. तरीही तालुक्याच्या गावांत ती अजून दिसते, पंधरा वर्षांनंतरचं री-पासिंग करून धावते.

अशी गाडी घाटात तापली की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : "व्हॉल्व्ह काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल." हा व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण यानेच चांगली इंजिनं हळूहळू झिजताना मी पाहिली आहेत.

थर्मोस्टॅट लिंबाएवढा असतो. तो पातेल्यात पाण्यासोबत गॅसवर ठेवून बघा. पाणी कोमट असेपर्यंत काही होत नाही. साधारण 82 अंशांच्या आसपास त्याच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, दांडी ढकलली जाते आणि झडप उघडते. ना वीज, ना सेन्सर. इंजिन गार असताना हा रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणून ते लवकर गरम होतं.

आणि इंजिनाला गरम व्हावंच लागतं. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन तापलेलं असेल तर ती उडून जाते. गार राहिलं तर ती तिथेच मुरते. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. लोण्यासारखा पांढुरका थर लागला तर गाडी गार चालते आहे किंवा फक्त जवळच्या फेऱ्या मारते आहे, असं समजा. मात्र त्याच वेळी कूलंटही (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी होत असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी, तपासून घ्या. शिवाय एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, इंजिन गारच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं.

मग गाडी तापते कशामुळे? बहुतेकदा नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यामुळे. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. उष्णता बाहेर पडत नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकडं होतं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पुढचा खर्च हेड फेसिंगचा, म्हणजे वाकडं हेड घासून सपाट करण्याचा, आणि गॅसकेटचा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे भरा. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीचंच काम करतं : आत दाब राखतं, त्यामुळे हे मिश्रण 120 अंशांनाही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो, म्हणून झाकण बदलायला कंजुषी नको. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. साध्या हिरव्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं दोनेक वर्षांत संपतात. रंग टिकून असला तरी ते बदलावं लागतं.

एक ठोकताळा लक्षात ठेवा. सिग्नलला तापते आणि पळताना ठीक असते, तर आधी फॅन आणि त्याचा स्विच बघा. चढावर किंवा हायवेला तापते, तर रेडिएटर चोक झालाय का ते बघा. तिथे व्हॉल्व्ह काढून काहीच साधत नाही.

बाकीची पथ्यं थोडक्यात. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा इंजिन ऑइल बदलाच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. मुरलेल्या ओलीने तीच मर्यादा 140 वर येते. ऑइल उकळलं की ब्रेक नीट लागत नाही. आंबोली घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. गाडी उभी असली तरी त्याचं वय वाढतंच.

इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला पत्रा मात्र पुरता सावरत नाही. कोकणात तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगाला फोड आणतो. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी निघून जावं म्हणून. चिखलाने ती बुजतात. दसऱ्याला गाडी धुताना खाली बसून खराट्याच्या काडीने ती मोकळी करा. कधीकधी एकेका दारातून पेलाभर गढूळ पाणी बाहेर येतं.