वर्गीय आधारसामग्रीतील गहाळ मूल्ये भरणे

जनगणना, सर्वेक्षण इत्यादींत धर्म, व्यवसाय, वैवाहिक स्थिती यांसारख्या वर्गीय गुणांचे जे रकाने कोरे राहतात, त्यांत उपलब्ध माहितीवरून वर्ग नेमण्याची सांख्यिकीय रीत. ‘इम्प्युटेशन’ ही संज्ञाही रूढ आहे.

‘विवाहित’ व ‘विधवा’ यांची सरासरी निघत नाही. त्यांना १, २ असे संकेतांक दिले, तरी त्या केवळ खुणा होत. म्हणून पुष्कळदा बहुलक, म्हणजे सर्वाधिक आढळणारा वर्ग, भरतात. समजा, १०० घरांपैकी ६० घरांत गॅस, २० घरांत लाकूडफाटा आणि २० रकाने कोरे आहेत. उत्तर दिलेल्या घरांत चुलीचा वाटा २५ टक्के. बहुलक भरताच तो २० टक्क्यांवर येतो. मुळात लहान असलेला गट असा आणखी आक्रसतो. हा दोष गंभीर असल्याने ही रीत टाळणेच बरे.

‘हॉट डेक’ पद्धतीत त्याच सर्वेक्षणातील मिळत्याजुळत्या नोंदीचे उत्तर उसने घेतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाने ती साधारणतः १९४७ पासून वापरल्याचे मानले जाते. ‘डेक’ म्हणजे छिद्रपत्रांचा (छिद्रे पाडून माहिती नोंदवलेल्या, यंत्राने वाचायच्या पत्रांचा) गठ्ठा. यंत्रातून फिरून पत्रे तापत, म्हणून ‘हॉट’, असेही सांगतात. परंतु जुन्या सामग्रीतून उत्तर घेणाऱ्या ‘कोल्ड डेक’शी असलेला विरोध पाहता, हाताखालचा चालू गठ्ठा हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. २००० च्या अमेरिकी जनगणनेत घर अस्तित्वात आहे का, त्यात वस्ती आहे का, माणसे किती, हे काही पत्त्यांबाबत याच रीतीने ठरवले गेले. त्यामुळे लोकसंख्येत सुमारे १२ लाखांची (०.४ टक्के) भर पडली आणि लोकसंख्येनुसार राज्यांत वाटल्या जाणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) जागांपैकी एक यूटा राज्याऐवजी नॉर्थ कॅरोलायनाला मिळाली. यूटाने दाद मागितली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रीत वैध ठरवली.

रकाना कोरा का राहिला, हा प्रश्न अमेरिकी सांख्यिकीविज्ञ डॉनल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये सैद्धांतिक पायावर मांडला. जात किंवा आजार लपवण्यासाठीच उत्तर टाळले असेल, तर शेजारच्या नोंदीवरून केलेला अंदाज फसतो. एकदाच भरलेले मूल्य पुढे खरे उत्तर म्हणून मोजले जाते व प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) अवास्तव लहान दिसते. त्यावर रुबिन यांनी एकच रकाना अनेकदा भरून निष्कर्षांची सांगड घालण्याची बहुआरोपण (मल्टिपल इम्प्युटेशन) पद्धत सुचवली. वर्गीय गुणांसाठी तीत लॉजिस्टिक समाश्रयण (इतर माहितीवरून प्रत्येक वर्गाची संभाव्यता काढण्याची रीत) वापरतात.

भारताच्या जनगणनेच्या तक्त्यांत काही रकाने न भरता वेगळे दाखवतात. २०११ मध्ये ‘धर्म नमूद नाही’ या ओळीत सुमारे २९ लाख व्यक्ती होत्या.