मानसिक आरोग्य चाळणी, शालेय (नाशिक जिल्हा)

शाळेतल्या कोणत्या मुलाला भावनिक, वर्तनाची किंवा अध्ययनाची अडचण असण्याचा संभव आहे, हे प्रश्नावली वा निरीक्षणसूचीच्या आधारे वेळीच हेरण्याची पद्धत. चाळणी म्हणजे निदान नव्हे. तीत वेगळ्या निघालेल्या मुलाची सविस्तर तपासणी मानसोपचारतज्ज्ञाने किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने करावयाची असते. बोलताना सर्रास ‘स्क्रीनिंग’ म्हणतात, तर कागदोपत्री ‘तपासणी’ हा शब्द अनेकदा दोन्ही अर्थांनी येतो. येथे ‘चाळणी’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण ‘तपासणीत आढळले’ एवढे ऐकूनच पालक आजार ठरला असे समजतात आणि धास्तावतात.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक भारतातील तिची सुरुवात १९०९ मध्ये बडोदा शहरात झालेल्या शालेय मुलांच्या वैद्यकीय तपासणीपासून धरतात. मात्र ती शारीरिक आरोग्याची तपासणी होती. मानसशास्त्राचे अभ्यासक बिने व सीमाँ यांच्या पॅरिसमधील १९०५ च्या बुद्धिमापन श्रेणीकडे आणि व्ही. व्ही. कामत यांनी तिच्या सुधारित आवृत्तीवरून मराठी व कन्नड मुलांसाठी केलेल्या रूपांतराकडे बोट दाखवतात. कामतांचा या विषयावरील ग्रंथ १९४० चा आहे. हे काम मराठी शाळांच्या दृष्टीने मोलाचे खरे, पण त्यात मोजली गेली ती बुद्धी, मनाचा त्रास नव्हे. बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर व सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर १९६४-६५ च्या सुमारास केलेली पाहणी आणि त्यानंतरची रटर यांची १९६७ ची शिक्षकांसाठीची प्रश्नावली, हाच आजच्या चाळणीचा जवळचा पूर्वज मानणे अधिक योग्य वाटते.

त्याआधी १९२८ मध्ये अमेरिकी संशोधक ई. के. विकमन यांनी दाखवलेली गोष्ट आजही लागू पडते. शिक्षकांना उद्धटपणा, चोरी, वर्गातील दंगा गंभीर वाटत होता. मनोचिकित्सकांना गप्प, भित्रे, एकटे राहणारे मूल अधिक काळजीचे वाटत होते. दंगा करणारे मूल चाळणीवाचूनही दिसते. चाळणी हवी ती मागच्या बाकावर कोणालाही त्रास न देता बसलेल्या मुलासाठी.

रटर यांच्या प्रश्नावलीवरून रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये पंचवीस विधानांची प्रश्नावली तयार केली. भावनिक त्रास, वर्तन, अतिचंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि समाजाभिमुख वागणूक अशा पाच गटांत प्रत्येकी पाच विधाने असून पहिल्या चार गटांची बेरीज ० ते ४० पर्यंत जाते. शिक्षक व पालक ती भरतात. साधारण अकरा वर्षांपुढील मूल स्वतःही भरू शकते. प्रमाणित आवृत्तीत गेल्या सहा महिन्यांचा विचार करावयाचा असतो.

आकड्यांचा अर्थ लावताना मात्र जपावे लागते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी उदाहरणापुरते ते प्रमाण घेऊ. हजार मुलांत ७३ जणांना त्रास आहे, चाळणी त्यांतील ८० टक्के ओळखते आणि बाकीच्यांपैकी १० टक्के मुलांना चुकून बाजूला काढते असे धरले, तर सुमारे १५१ मुले वेगळी निघतील. त्यांपैकी खरोखर त्रासातली ५८; म्हणजे पाचांत दोघेही नाहीत. शिवाय १५ मुले चाळणीतून निसटतील ती वेगळीच. यादी वर्गात वाचून दाखवणे किती घातक ठरेल, हे एवढ्यावरून कळावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकाने शाळेत वर्षातून एकदा जाणे अपेक्षित असून अध्ययन अक्षमता व अवधानविषयक विकार त्याच्या यादीत आहेत. किशोरवयीनांसाठीचा कार्यक्रम २०१४ चा. २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे.

नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या, नाशिक व मालेगाव महापालिकांच्या शाळा आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा अशा निरनिराळ्या व्यवस्था आहेत. भाषा हा येथील सर्वांत अवघड प्रश्न. सुरगाणा, पेठकडे घरात कोकणा; बागलाण, कळवण, देवळ्याकडे अहिराणी; मालेगावात मोठ्या प्रमाणावर उर्दू. पुस्तकी मराठीतील ‘मी अनेकदा निराश असतो’ या विधानावर खूण न करणारे मूल ‘करमत नाही’, ‘पोटात गोळा येतो’, ‘डोकं जड झालंय’ असे सहज सांगते. प्रश्नावलीत डोकेदुखी-पोटदुखीचे विधान आहेच. आश्रमशाळेत ते विशेष लक्ष देऊन वाचावे. वेळही पाहावी लागते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेल्या मुलाला घरची ओढ असते, आणि द्राक्षांच्या हंगामात आईवडील निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला गेलेले असतात. त्या आठवड्यातले रडणे विकार समजू नये. ते महिनोन्महिने टिकले तर मात्र दुर्लक्ष करू नये.

पुढील उपचारांसाठी नाव निघते ते नाशिकच्या ‘सिव्हिल’चे. सुरगाण्याच्या पाड्यावरून तिथे येणे म्हणजे पालकाची मजुरी बुडणे. त्यामुळे चिठ्ठी दिली म्हणजे मूल डॉक्टरांपर्यंत पोचले असे धरता येत नाही. गावात आधी भगताकडे जाणेही होते. अशा पालकाला दटावण्यापेक्षा त्याच्यासोबत शिक्षक किंवा आशाताई गेल्यास उपयोग होतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचा निर्देश दिला. पाड्यांवरील अनेक शाळांचा पट शंभराच्या आत असतो. अशा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भसेवा जोडावी, असे त्याच निर्देशांत आहे. दरम्यान १४४१६ या ‘टेलिमानस’च्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.